इंजिन बदललं, पण गाडी नीट चालत नाही: ईसीएम आणि फ्यूएल इंजेक्शनचा दोष क्रमाने कसा शोधावा

कोकणात गाडीचं इंजिन बदलायची पाळी बहुधा दोन कारणांनी येते. एक तर जुनं इंजिन ऑइल खायला लागतं आणि त्याच्या दुरुस्तीच्या खर्चात दुसरं इंजिन मिळतंय असं दिसतं. दुसरं कारण पाण्याचं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. अशा गाडीसाठी मग मुंबई-कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून इंजिन येतं. ते बसतं, माउंटिंग जुळतात, ऑइल-कूलंट भरून होतं. आणि सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरत राहतं, किंवा चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं, किंवा चालतं पण मिसिंग करतं, काळा धूर सोडतं. चेक लाइट तर जातच नाही. त्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "ईसीएम गेला असणार."

ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हा या कामात सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा भाग आहे. इंजिन बदलताना माणसाचे हात त्याला लागलेलेच नसतात. हात लागतात ते कपलरना, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगना, अर्थच्या वायरींना, व्हॅक्यूम पाइपांना, पेट्रोलच्या नळ्यांना. दोष बहुतेक तिथेच सापडतो. समुद्राच्या हवेत तर जास्तच, कारण इथे तांब्याच्या तारेला हिरवा थर चढायला वर्षं लागत नाहीत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. अंदाजाने सेन्सर बदलत गेलात तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

हाताशी एवढं हवं: चांगला मल्टिमीटर, एलईडीचा टेस्ट लॅम्प, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, पेट्रोलचं प्रेशर मोजायचा गेज आणि आग विझवायचा सिलिंडर. ईसीएमच्या वायरींना बल्बवाला जुना टेस्ट लॅम्प लावू नका, तो जास्त करंट ओढतो.

कुठलं काय, हे आधी कागदावर लिहा

इंजिन कोणत्या मॉडेलचं, कोणत्या वर्षाचं, प्रदूषणाच्या कोणत्या टप्प्याचं: बीएस-३, बीएस-४ की बीएस-६? ईसीएम कोणाचा? वायरिंग कोणाचं? सेन्सर नव्या इंजिनासोबत आलेले की जुन्यावरून काढून लावलेले? ही माहिती दहा मिनिटांत लिहून होते आणि अर्धा दोष तिच्यातच दिसतो.

त्याच मॉडेलचं, त्याच वर्षांच्या टप्प्यातलं इंजिन असेल तर सोपं आहे. ईसीएम, वायरिंग आणि चावी आपलीच ठेवायची, नव्या इंजिनाचं फक्त लोखंड वापरायचं आणि शक्य तितके सेन्सर आपल्या जुन्या इंजिनावरचे लावायचे. मॉडेल वेगळं असेल, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एस्टीमचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) इंजिन घालायचं असेल, तर इंजिनासोबत त्याचा ईसीएम, त्याचं पूर्ण वायरिंग, सेन्सर आणि रिले हे सगळं आणा. ईसीएममध्ये इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी सोय, असेल तर चावी आणि इमोबिलायझरचा डबाही हवा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पायाखालचं पेडलसुद्धा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं अशी खिचडी केली की कपलर बसतो पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा निघतो. कपलर बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं कधीच धरू नका. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम शेजारी ठेवून एकेक पिन ताडून बघा.

कागदपत्रांचंही इथेच उरकून घ्या. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्ये गाडीत बदल करण्याचे नियम आहेत. वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर पैसे देण्याआधी रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा पेणच्या आरटीओत विचारा आणि जुनं इंजिन पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. आरसीवरचा नंबर जुळला नाही की विम्याचा क्लेम अडकतो.

लोखंड ठीक आहे ना?

टायमिंग बेल्ट किंवा चेनचा एक दात चुकला तरी गाडी चालू होते, पण पिकअप नसतो, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू असताना) थरथरते आणि स्कॅनरवर सेन्सरचे कोड येतात. कॉम्प्रेशन मोजा, टायमिंगच्या खुणा डोळ्यांनी बघा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिनात पाणी गेलेलं आहे. अशा इंजिनाचा इंजेक्शनचा दोष शोधण्यात वेळ घालवू नका.

अर्थिंग: इथे घाई नको

इंजिन उतरवताना गिअरबॉक्स आणि चासिसमधली अर्थची विणलेली पट्टी काढली जाते. ती परत लावायची राहते, किंवा रंग मारलेल्या जागेवर लागते, किंवा गंजलेल्या बोल्टखाली दबते. मग सेल्फचा मोठा करंट ईसीएमच्या बारीक अर्थमधून वाट काढतो. सेन्सरचे व्होल्टेज हलतात आणि ईसीएमला भलतंच दिसतं. अशा गाडीत क्रँक सेन्सरचा (इंजिनाचं फिरणं मोजणारा), थ्रॉटलचा, मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असे एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम येतात. दोन-तीन असंबद्ध कोड एकत्र दिसले की मी सेन्सरकडे बघतच नाही, अर्थकडे जातो.

तपासायची पद्धत सोपी आहे. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष हाताशी आला. तसंच चासिसवर मोजा आणि ईसीएमच्या अर्थ पिनवरही मोजा. तिथे ०.१ व्होल्टच्या वर काही नको. नुसता ओहम मोजून समाधान मानू नका. सात तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो.

किनाऱ्यावरच्या गाडीत एक गोष्ट हमखास बघा. अर्थची वायर बाहेरून धडधाकट दिसते, थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारं वायरीचं धातूचं टोक, तेही चकचकीत असतं. थिंबलच्या मागे बोटभर प्लास्टिक सोलून बघा. आत तांबं काळं पडलेलं, त्याच्यावर हिरवी पूड, आणि नखाने दाबलं की तार भुग्यासारखी तुटते. खारी हवा आणि पावसाचं पाणी तारेच्या आतून वर चढतं. जिथपर्यंत तांबं काळं आहे तिथपर्यंत वायर कापून टाका. लाल, चमकदार तांबं लागलं की नवं थिंबल दाबा, उष्णतेने आवळणारी नळी चढवा. बोल्टची जागा पॉलिश पेपरने पांढरी करा, घट्ट आवळा आणि मगच वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी आणि आवळणं मागून, असं नको.

माउंटिंगसाठी चासिसवर वेल्डिंग केलं असेल तर ते करताना बॅटरी आणि ईसीएमचा कपलर काढला होता का, हे मिस्त्रीला विचारा. काढला नसेल तर ते कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ईसीएमला वीज मिळते का?

चावी ऑन करा. चेक लाइट पेटलाच पाहिजे. पेटत नसेल आणि बल्ब चांगला असेल, तर ईसीएम झोपलेला आहे. फ्यूज, मेन रिले, कायमचा बॅटरी सप्लाय आणि चावीनंतरचा सप्लाय, हे चारही बघा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा गुणगुणाट येतो. तो आला तर ईसीएम जागा आहे आणि पंपाचा रिले काम करतोय. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. कमी व्होल्टेजवर ईसीएम मधूनच बंद होतो आणि सगळी तपासणी वाया जाते.

यानंतर थ्रॉटल सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. तो नसेल, तर लगेच ईसीएमला दोष देऊ नका. हाच ५ व्होल्ट बऱ्याच सेन्सरना मिळून जातो, त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचा सप्लाय बसतो. मीटर लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतो, तोच दोषी. एकही नसेल तर वायर कुठेतरी इंजिनाखाली दबली आहे किंवा उंदराने कुरतडली आहे. भातशेतीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर ही शेवटची शक्यता धरू नका.

सेल्फ फिरतो पण ना स्पार्क, ना पेट्रोल, आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो, तर तो इमोबिलायझर. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमच्या चावीतली चिप ओळखत नाही. काही गाड्या चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतात, त्याचंही कारण अनेकदा हेच असतं. कंपनीच्या स्कॅनरवर चावी, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची पुन्हा जोडणी करून घ्या.

स्कॅनर: कोडच्या आधी आकडे वाचा

एप्रिल २०१३पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरने दोष वाचायची ठरावीक पद्धत, सक्तीची झाली. तेव्हापासूनच्या गाडीला साधा स्कॅनरही चालतो. त्याआधीच्या गाड्यांना त्या कंपनीचा स्कॅनर हवा. काही जुन्या गाड्यांत डायग्नोसिसच्या कपलरवर तार जोडून चेक लाइटची लुकलुक मोजायची सोय असते.

कोड लिहून घ्या, पुसून टाका आणि परत कोणते येतात ते बघा. इंजिन बदलताना कपलर काढून चावी फिरवल्याचे जुने कोड त्यात असतात. मग इंजिन थंड असताना चावी ऑन करून लाइव्ह डेटा बघा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं, म्हणजे आपल्याकडे तीसच्या आसपास असायला हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर तो सेन्सर जोडलेलाच नाही किंवा वायर तुटली आहे. ईसीएमला वाटतं की बाहेर बर्फ आहे, म्हणून तो पेट्रोल ओतत राहतो. प्लग ओले, काळा धूर, गाडी स्टार्ट होत नाही. इंजिन बदललेल्या गाडीत हे फार दिसतं, कारण मीटरच्या काट्याचा तापमान सेन्सर आणि ईसीएमचा तापमान सेन्सर शेजारीशेजारी असतात आणि जुळवाजुळवीत त्यांची गल्लत होते. ईसीएमच्या सेन्सरला दोन वायरी असतात, २० अंशाला त्याचा रेझिस्टन्स साधारण २ ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशाला ३००च्या आसपास येतो.

थ्रॉटल सेन्सर बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर चार-साडेचारपर्यंत जायला हवा, मध्ये कुठेही झटका न देता.

मॅप सेन्सरची परीक्षा कोकणात फुकटात होते. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मालवण, रत्नागिरी, हर्णै अशा किनाऱ्यावर १०० किलोपास्कलच्या आसपास. सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीत तोच आकडा ९३पर्यंत उतरतो. किनाऱ्यावर उभी गाडी ८५ दाखवत असेल तर सेन्सर चुकीचा किंवा खराब.

आता सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. दीडशे ते तीनशे दिसले तर क्रँक सेन्सर बोलतोय. शून्य दिसले तर क्रँक सेन्सरचा पी ०३३५ कोड आला नसला तरी शोध तिथूनच सुरू. सेन्सर आणि दात्यांच्या चाकातली फट साधारण एक मिलिमीटर असते. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असेल तर पुसा. दोन वायरींचा सेन्सर असेल आणि कोणी वायरी उलट जोडल्या असतील, तर सिग्नल येतो पण टायमिंग सरकतं. फ्लायव्हील किंवा पुली दुसऱ्या इंजिनाची असेल तर दाते मोजा. साठातले दोन गाळलेलं चाक आणि छत्तिसातला एक गाळलेलं चाक एकमेकांच्या जागी चालत नाही, ईसीएम कितीही बदला.

पेट्रोल पोहोचतं का, आणि किती दाबाने?

या कामात धूम्रपान नको, गाडी उघड्यावर हवी आणि नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून प्रेशर उतरवून घ्या.

परतीची नळी असलेल्या जुन्या एमपीएफआय गाड्यांत प्रेशर अडीच ते तीन बार असतं, परतीची नळी नसलेल्यांत साडेतीन ते चार. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. पंप बंद झाल्यावर प्रेशर काही मिनिटं टिकलं पाहिजे. पटकन पडत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन घातलं असेल तर खरी अडचण टाकीत आहे. कार्ब्युरेटरचा पंप ०.३ बारसुद्धा देत नाही, त्याच्या नळ्या आणि क्लिप तीन बारासाठी बनलेल्याच नसतात. जुनी रबरी नळी आणि स्क्रूची साधी क्लिप तशीच ठेवणं म्हणजे गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा फवारा मारण्याची तयारी. टाकीत बसणारा इंजेक्शनचा पंप, इंजेक्शनसाठीच्या नळ्या आणि लागत असेल तर परतीची नळी हे सगळं बदला. टाकीत पेट्रोल अडवणारे पत्रे नसतील तर कशेडी किंवा आंबोलीच्या वळणावर, टाकी अर्धी असतानाही पंप हवा ओढतो आणि गाडी झटके देते.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर ई२० मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं, नेमका पंपाच्या तोंडाशी. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून स्थिर ठेवलं की दोन थर दिसतात.

प्रेशर बरोबर असेल तर इंजेक्टर. चावी ऑन केल्यावर एका वायरीत १२ व्होल्ट, दुसरी वायर ईसीएम अर्थ करतो. एलईडी दोन्हीच्या मध्ये लावून सेल्फ मारा, ती लुकलुकली पाहिजे. चारही इंजेक्टरवर लुकलुक नसेल तर क्रँक सिग्नल, इमोबिलायझर किंवा सप्लाय. एकावरच नसेल तर त्याची वायर. सीएनजी किट असेल तर त्याचा एम्युलेटर, म्हणजे गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारा डबा, इंजेक्टरच्या वायरीत बसलेला असतो. किट काढून तारा तशाच सोडल्या असतील तर सिग्नल तिथेच तुटतो. बहुतेक इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे असतात. दुसऱ्या इंजिनाचे दोन-तीन ओहमवाले लावले तर ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, खरोखरच जळतो.

चालू झाली, पण सुरळीत नाही

इंजिन पूर्ण गरम करा आणि स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम बघा. अधिक आकडा म्हणजे ईसीएम जास्तीचं पेट्रोल देतोय, उणे म्हणजे कमी करतोय. अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत ठीक. आयडलला अधिक २० आणि अडीच हजार आरपीएमला पाचच्या आसपास येत असेल तर कुठूनतरी हवा शिरते: मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, राहून गेलेला एखादा व्हॅक्यूम पाइप. उलट, आयडलला ठीक आणि घाटात लोड आल्यावर ट्रिम वर चढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, फिल्टर किंवा पंप बघा. गरम इंजिनाचा मॅप आयडलला साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. तो पन्नाशीच्या वर असेल आणि हवाही कुठून शिरत नसेल तर परत टायमिंगच्या खुणांकडे जा.

ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा. बदलायची घाई करण्याआधी सायलेन्सरचा जोड बघा. किनाऱ्यावर एक्झॉस्टचे स्टड गंजून तुटतात, फटीतून हवा आत ओढली जाते आणि सेन्सर 'पेट्रोल कमी' असं खोटं सांगतो. इंजिन जोडताना गॅस्केटला साधं सिलिकॉन भरपूर थापलं असेल तर त्याच्या वाफेने हा सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

सिग्नलला किंवा फाटकापाशी थांबताना गाडी बंद पडत असेल तर स्पीड सेन्सर जोडला आहे का ते बघा. नव्या गिअरबॉक्सला तो नसतोच, असंही होतं. आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटलचा कार्बन साफ करा आणि मॅन्युअलप्रमाणे आयडल पुन्हा शिकवा.

डिझेल कॉमन रेलसाठी (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ती इंजिनं) एवढंच: प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर धूर आणि ठोके राहतात. इंजिन चालू असताना रेलचं एकही नट सैल करू नका. आयडललाही आत शेकडो बारांचं प्रेशर असतं आणि ती धार कातडी फोडून आत जाते.

आणि आता ईसीएम

सप्लाय बरोबर, अर्थ बरोबर, ५ व्होल्टच्या वाटेवर शॉर्ट नाही, क्रँकचा सिग्नल ईसीएमच्या पिनपर्यंत पोहोचलेला मोजला, इमोबिलायझर अडवत नाही, आणि तरी इंजेक्टर किंवा कॉइलला हुकूम जात नाही. एवढं झाल्यावरच ईसीएमचा कपलर काढा. प्रत्येक पिन टॉर्चने बघा. एखादी पिन शेजारणींपेक्षा आत सरकलेली असते. कपलर दाबला की ती मागे जाते, काढला की परत जागेवर दिसते. वायर मागून हलकी ओढून बघा, सैल आली तर तिचं लॉक तुटलंय.

मग डबा उघडा. पुरात बुडालेल्या गाडीत आत चिखलाची बारीक रेघ आणि सर्किटच्या भागांच्या धातूच्या पायांवर पांढरी-हिरवी पूड दिसते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन असा ईसीएम कधी कधी चालतो, पण भरवशाचा राहत नाही. ड्रायव्हर जळाल्याचा काळा डाग असेल तर कागदावरची वेल्डिंगची नोंद आणि इंजेक्टरचे ओहम परत बघा, नाहीतर नवा ईसीएमही तसाच जाईल. दुसरा घेताना त्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा आणि इमोबिलायझरची जोडणी कोण करून देणार हे आधी ठरवा.

गाडी सुरळीत झाली की कपलरच्या रबरी सीलना सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली बॅटरीच्या टर्मिनलला ठीक, पण काही रबर तिने फुगतं. वायरिंग गरम मॅनिफोल्डपासून दूर बांधा आणि कपलरकडे येणारी वायर आधी खाली झोका घेऊन मग वर येईल अशी ठेवा, म्हणजे पाणी तिच्यावरून कपलरात उतरणार नाही. मग स्कॅनर लावून सपाटीवर आणि घाटात एकेक फेरी मारा, ट्रिम आणि कूलंटचं तापमान बघत. आठवडाभराने अर्थचे बोल्ट पुन्हा आवळा आणि सेल्फ मारताना व्होल्टेज परत मोजून तो आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर मोजाल तेव्हा ताडायला तो लागेल.